वाऱ्याच्या गल्लीची उसनी लटकनं

महदिया गाव समुद्रात इतकं आत शिरलेलं आहे की माणूस कुठूनही घरी यायला निघाला तरी शेवटचा रस्ता पाण्याकडेच जातो. त्या गावातल्या वाऱ्याच्या गल्लीत अल्जिया राहायची; धाकटे तिला मानाने लल्ला अल्जिया म्हणत. दुपारी सगळं गाव झोपलं की या गल्लीतल्या दारांवरचे पडदे आपोआप फुगायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, घरांनी शिडं उभारलीत, आता ही गल्ली निघाली. अल्जिया उंबऱ्यावर बसून ते बघत राहायची. अंगाने भरलेली, चालायला संथ, कानामागे जाईच्या कळ्यांची जुडी खोचलेली. हात मात्र इतके हलके की नवरीच्या डोळ्यांत काजळ घातलं तरी नवरीला पत्ता लागू नये.

नवऱ्या सजवणं हाच तिचा उद्योग होता. मेंदी काढायची, केस विंचरायचे, जरीचा तो चिलखतासारखा जड अंगरखा चढवायचा. नवरी गुदमरली तर तिला खिडकीपाशी न्यायचं, रडली तर हसवायचं, आणि फारच हसायला लागली तर "अगं, थोडी तरी रड, सासरचे बघतायत!" म्हणून दटावायचं. हे सगळं ती मावशीकडून शिकली. तिचं स्वतःचं लग्न झालं होतं ऑक्टोपस धरणाऱ्या एका अबोल माणसाशी. तो दोरीला बांधून मातीची गाडगी समुद्रात सोडायचा. ऑक्टोपस बिचारा त्यालाच घर समजून आत जाऊन बसायचा. "मलाही तसंच धरलं मेल्याने," असं अल्जिया सांगायची आणि सांगताना लाजायची. तो गेला तेव्हा अंगणात गाडग्यांची उतरंड राहिली. अल्जियाने तिच्यात पुदिना लावला. तिच्या घरचा चहा प्यायला लोक वाट वाकडी करून येत.

पण अल्जियाला गल्लीत मान होता तो मेंदीमुळे नाही आणि चहामुळेही नाही. तो होता उसन्या लटकनांमुळे.

त्याचं असं होतं. वाऱ्याच्या गल्लीत बापाने मुलीच्या मनगटात घालायची ती नुसती साखळी, उघडीबोडकी. तिच्यावर जे झुलायचं ते गल्लीने द्यायचं. लग्न ठरलं की अल्जिया घरोघर जायची आणि प्रत्येक घर आपलं सगळ्यात भाग्याचं लटकन काढून तिच्या तळहातावर ठेवायचं. लग्नाचे दिवस ती लटकनं नवरीची राखण करायची. सगळं उरकलं की अल्जिया ती दारोदार परत द्यायची, सोबत खजूर भरलेल्या मक्रूद मिठाईचा एक तुकडा. म्हणून लटकनाची कडी कधी पक्की करायची नाही. अल्जिया ती दाताने जराशी दाबायची, नाचताना गळू नये आणि नंतर नखाने उघडावी एवढीच. लटकन घेताना ती छातीवर हात ठेवून म्हणायची, "माझ्या शब्दावर." बस्स, एवढाच व्यवहार. आजवर एकही लटकन हरवलं नव्हतं, की एका घरचं दुसऱ्या घरी गेलं नव्हतं. मुठीत धरून डोळे मिटले की तिला त्या घरची बाई दिसायची. कुणाची आजी, कुणाची पणजी, कधी न पाहिलेल्यासुद्धा.

आणि काय एकेक लटकन होतं! सगळ्यात जुने म्हणजे चांदीचे पाच बोटांचे हात, कौलासारखे जाड. त्या काळी चांदी अंगावर वजनाने घालायची, पायात, छातीवर, मनगटात. नवरी दिसायच्या आधी दोन गल्ल्या पलीकडून ऐकू यायची. त्याच पिढीतले चांदीचे मासे, अंगाचे सुटे सुटे तुकडे जोडलेले, हात हलला की शेपटी हलवणारे. मग पोवळ्याची शिंगं आली, कवड्या आल्या, भोक पाडलेली सुलतानाची नाणी आली. फ्रेंच लोक गेले, देश आपला झाला, आणि बायकांना एकाएकी चांदी गावंढळ वाटायला लागली. मग सोन्याचे हात निघाले, बिस्किटासारखे पातळ. फुंकर मारली तर उडतील. पुढे पोरं बोटींवर कामाला परदेशी गेली आणि त्यांनी भलतंच काही आणायला सुरुवात केली: आयफेल टॉवर, चार पानांचं गवत, सिसिलीचं लाल मिनाकारीचं शिंग, एवढासा बूट, आणि एकाने तर तबकडी फिरणारा टेलिफोन. आजच्या पोरींच्या साखळीला तर कड्याच नसतात म्हणे, नुसता मणी सरकवायचा आणि कंटाळा आला की काढायचा.

टेलिफोन पहिल्यांदा साखळीत आला तेव्हा शेजारची त्राकी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "आता टेलिफोनने नजर लागायची थांबणार का गं?"

"का नाही?" अल्जिया म्हणाली. "नजर लावणारीला मधेच फोन आला तर तिचं लक्ष उडेल की नाही?"

गल्ली आठवडाभर हसत होती. त्राकी सोडून. त्राकीची जीभ म्हणजे हरिस्सा, लाल मिरचीची चटणी, नुसती तिखट. पण तिच्या घरचा चांदीचा मासा गल्लीतल्या माशांत सगळ्यात जुना, आणि तो प्रत्येक नवरीसाठी तीच पहिल्यांदा काढून द्यायची, हेही खरं.

तर सलूहाचं लग्न होतं. गल्लीतल्या बेयाची धाकटी लेक, एकोणीस वर्षांची, हसताना तोंडावर हात ठेवणारी. नवरा तिजानी माझाराला मासेमारीच्या बोटीवर. तेव्हा महदियाचे निम्मे तरुण सिसिलीतल्या माझारात जाळी ओढत होते. लग्नानंतर आठवड्याने जहाज होतं, आणि सलूहा त्याच्याबरोबर जाणार होती. गल्लीतून इतकी लांब जाणारी ती पहिलीच. म्हणून की काय, या खेपेला घरांनी हात आखडला नाही. साखळी इतकी भरली की तिचा फासाच सैल पडला.

मेंदीच्या सकाळी अल्जिया सलूहाला हमामात घेऊन गेली आणि इकडे बेया फासा घट्ट करायला साखळी घेऊन गेली गावच्या वेशीच्या काळ्या दरवाजापाशी, खमैसच्या दुकानात. खमैस मोकनीनचा, सोनारांच्या गावचा, महदियात नवाच आलेला. हात सोन्याचे, मन लोण्याचं. आता मोकनीनला काय पद्धत? साखळीवरचं सगळं नवरीचंच. कड्या सैल ठेवणारा सोनार तिथे चोर ठरतो. खमैसने साखळी उजेडात धरली आणि त्याचा जीव हळहळला. एवढी सुंदर लटकनं, आणि एकाही कडीला डाख नाही! जेवण बाजूला सारून, पोवळ्याला ओल्या मातीचा लेप देऊन त्याने एकेक कडी झाळली. चांदी वितळवून तोंडं अशी सांधली की सांधा कुठला ते बोटालाही कळू नये. मजुरी विचारली तर लाजून म्हणाला, "राहू दे बाई. माझ्याकडून पोरीला आहेर."

संध्याकाळी गडबडीत साखळी सरळ मनगटात गेली. ढोलकी वाजत होती, बायका जिभेने ललकाऱ्या देत होत्या. अल्जियाला क्षणभर वाटलं, लटकनांचा आवाज आज जरा वेगळा येतोय, दाटून आल्यासारखा. पण तेवढ्यात नवरी गुदमरली आणि तिला खिडकीपाशी न्यावं लागलं.

लग्न उरकलं. अल्जिया मक्रूद ताटात रचून सलूहापुढे बसली आणि पहिल्या कडीला नख लावलं. नख तुटलं. दुसऱ्या कडीला लावलं. मग तिने साखळी डोळ्यांजवळ नेली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तासाभरात बेयाच्या अंगणात अख्खी गल्ली जमली. मधोमध खमैस, टोपी हातात घेऊन.

"पक्कड आहे माझ्याकडे," तो पुटपुटला. "एका मिनिटात..."

"पक्कड!" बेया किंचाळली. "नवरीच्या दागिन्याला?"

कारण गल्लीची दुसरी रीत पहिलीहून कडक होती. नवरीने एकदा अंगावर घातलेल्या दागिन्याला वर्षभर लोखंड लावायचं नाही. कातर नाही, कानस नाही, पक्कड नाही. लोखंड लागलं की संसाराला चीर पडते, असं गल्ली मानायची, आणि बेयाने ती चीर थोरल्या मुलीच्या संसारात पाहिली होती. तिच्या बांगडीला नणंदेने कातर लावली होती.

"मग पुन्हा आगीवर धर," कोणीतरी म्हणालं.

"पोवळं एकदा वाचलं ते अल्लाची कृपा," खमैस म्हणाला. "दुसऱ्यांदा फुटेल. मिनाही जाईल. आणि धरायला चिमटा लागेल, तो लोखंडाचाच."

"वा रे उस्ताद!" त्राकी म्हणाली. "मोकनीनला दारंसुद्धा झाळूनच ठेवता का रे?"

सलूहाने मनगटातून साखळी काढली. "ही वर्षभर लल्ला अल्जियाच्या पेटीत राहू दे," ती हळूच म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. रिकाम्या मनगटाने पाणी ओलांडायचं, तेही इतकं पाणी! बेयाने साखळी पुन्हा तिच्या हातात घातली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी वाईट बोललं नाही, आणि तेच अल्जियाला लागलं. जहाज गेलं की गल्लीचं भाग्य माझाराला जाणार. कुणीच तिला चोर म्हणणार नव्हतं. पुढच्या लग्नाला फक्त पेट्यांच्या किल्ल्या सापडणार नव्हत्या. दिलेल्या शब्दाशिवाय तिच्यापाशी होतं काय? पुदिना आणि गाडगी.

त्या दुपारी ती उंबऱ्यावरच पेंगली, आणि तिला स्वप्न पडलं. हिरव्या पाण्यात साखळी तरंगत होती. मासे शेपट्या हलवत होते, आयफेल टॉवर शेवाळात उभा होता, पाच बोटांचा हात पाण्याला थोपटत होता. टेलिफोन वाजला. तिने उचलला. पलीकडे तिचा नवरा. जिवंतपणी कधी बोलला नाही तो काय बोलणार? नुसता श्वास ऐकू आला, लाटेसारखा. मग तिने पाहिलं की साखळी कुठेतरी निघाली आहे. ती एका हातात होती आणि तो हात दारोदार चालला होता. प्रत्येक दार उघडत होतं आणि आतून उजेड पाण्यात सांडत होता.

अल्जिया जागी झाली. पडदा तिच्या तोंडावर आला होता. तो तिने बाजूला केला आणि तडक बेयाकडे गेली.

"पोरी, चपला घाल. आपल्याला लटकनं परत करायचीत."

"पण ती निघत नाहीत ना!"

"लटकन मनगटावरून निघत नसेल तर मनगट निघेल. चल."

मक्रूदचं ताट डोक्यावर घेऊन अल्जिया पुढे आणि मेंदीचा हात छातीशी धरून सलूहा मागे. पहिल्या दारी अल्जियाने सलूहाचा हात घरच्या बाईच्या हातात ठेवला, तिच्या सोन्याच्या नाण्यावर तिचीच बोटं मिटवली आणि म्हणाली, "माझ्या शब्दावर घेतलं होतं. परत दिलं." बाई गोंधळली. हातात नाणंही होतं, आणि नाण्याला चिकटलेली एक घाबरलेली पोरगीही होती. तिने सलूहाचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "मिळालं. आता मी पुन्हा देते. माझाराला थंडी असते म्हणतात, शाल घेतलीस का गं?"

असंच दारोदार. कुणी शाल दिली, कुणी वाळवलेली मिरची. आयफेल टॉवरवालीने तर टॉवर कुठून आला ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि दोघींना कुसकुस खाऊ घातलं. सगळ्यांनी घेतलं, आणि सगळ्यांनी परत उसनं दिलं. उरलं फक्त त्राकीचं दार.

त्राकी दारातच उभी होती. "मला हात नको. मासा हवा."

"त्राकी..."

"ऐक. आमच्या हलूमाचे दिवस भरलेत. या घरात बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईने तो मासा मुठीत धरलाय. माझ्या आजीने धरला, आईने धरला, मी धरला. आणि तू मला मनगट दाखवतेस? कळा आल्यावर माझ्या लेकीने काय धरायचं, तुझा शब्द?"

अल्जियाने डोक्यावरचं ताट खाली ठेवलं. ती मान खाली घालून उभी राहिली. शब्द मोडला तो इथे, या उंबऱ्यावर.

तेवढ्यात सलूहा त्राकीच्या काखेखालून आत शिरली. "मग मी इथेच राहते," ती म्हणाली. "हलूमाचं होईपर्यंत. मासा तिच्या मुठीत, आणि मी माशाच्या शेपटीला."

"आणि तुझं जहाज?"

"जहाज पुढचंही असतं."

बातमी तिजानीपर्यंत पोचली तेव्हा तो धावत आला. "लल्ला अल्जिया, माझं लग्न सलूहाशी झालंय की या गल्लीशी?"

"गल्लीशी," अल्जिया म्हणाली. "सलूहा तिच्यातली एक."

तो डोकं खाजवत उभा राहिला. बोटीवरची जागा गेली असती, म्हणून त्याला जावंच लागलं. जाताना खिडकीखालून ओरडला, "मागून ये गं! पण साखळीसकट ये, नाहीतर या सगळ्या जणी माझाराला येतील!" सलूहाने तोंडावर हात ठेवला, तशी लटकनं वाजली. ती हसतेय की रडतेय ते त्याला खालून कळलं नाही.

पुढचे दिवस त्या घरात विचित्र गोड गेले. हलूमा उठली की सलूहा उठायची. हलूमा झोपली की सलूहा तिच्या शेजारी हात टाकून पडायची. त्राकी दोघींना भरवायची आणि दोघींवर ओरडायची. अल्जिया सकाळ-संध्याकाळ यायची, पुदिन्याचा चहा ठेवायची आणि निघून जायची.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, सगळं गाव झोपेत असताना. वारा पडला होता. गल्लीतल्या बायका अंथरुणात जाग्या झाल्या, कारण त्राकीच्या घरातून लटकनं वाजत होती. एक कळ आली की सगळी साखळी झणकायची, चांदी, सोनं, मिना, एकदम. मग शांत. मग पुन्हा. प्रत्येक बाईने त्या आवाजात आपलं लटकन ओळखलं. हे माझं नाणं. तो माझा टॉवर. गल्ली श्वास धरून पडून राहिली, आणि तो आवाज भरतीसारखा चढत गेला. समुद्र घराघरात आल्यासारखं वाटत होतं.

मग आवाज थांबला. अल्जिया उंबऱ्यावरून उठून उभी राहिली होती. आणि मग एक बारीक, चिडकं रडणं गल्लीत आलं.

मुलगी झाली. त्राकीने तीळ, बदाम आणि मधाचा झरीर छोट्या ग्लासांतून वाटला आणि पहिला ग्लास अल्जियाच्या हातात दिला. हलूमाच्या मुठीत अजून मासा होता. ती सोडायलाच तयार नव्हती, म्हणून सलूहा अवघडून पलंगाच्या कडेला बसलेली. तिच्या मनगटावर लाल वळ उठले होते.

"माझा मासा मला मिळाला," त्राकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग लेकीची बोटं एकेक करून सोडवली आणि मासा सलूहाच्या मनगटावर नीट सुलटा केला. "आता तो माझाराला जाऊ दे. आपल्या गावच्या किती पोरी तिथे परक्या भिंतींकडे बघत बाळंत होतात. त्यांच्या मुठीत काय असतं? जाशील ना गं त्यांच्याकडे? बोलावलं नाही तरी जा."

"जाईन," सलूहा म्हणाली.

"आणि हात धुऊन जा. जिथे तिथे मिरची कालवत असतेस."

सलूहा पुढच्या जहाजाने गेली. माझाराहून सांगावे यायचे: अमकीकडे मुलगा, तमकीकडे जुळं, साखळी होती. वर्ष उलटलं, लोखंड लावायला मोकळीक झाली, खमैसने दोनदा विचारलंही. कुणीच त्याला साखळी कापायला सांगितलं नाही. उन्हाळ्यात सलूहा यायची आणि मनगट घेऊन दारोदार फिरायची. प्रत्येक घर आपलं लटकन हातात घेऊन बघायचं, पुसायचं आणि परत द्यायचं.

पण हे सगळं पुढचं. सलूहा गेल्यावर पहिलंच लग्न ठरलं ते तेलवाल्याच्या मुलीचं, आणि ताट घेऊन घराबाहेर पडायला अल्जियाची छाती होईना. घरांमधलं भाग्याचं तर समुद्रापलीकडे गेलं होतं. आता काय मागायचं, आणि कोणत्या तोंडाने? तिने तीनदा जाईची जुडी कानामागे खोचली, तीनदा काढली. शेवटी निघाली. त्राकीचं दार आधी, कारण जे व्हायचं ते आधीच होऊन जावं.

दार उघडंच होतं. त्राकी नातीला खांद्यावर टाकून आत-बाहेर करत होती.

"कधीची वाट बघतेय! गुडघे दुखतायत का तुझे?" ती म्हणाली आणि अल्जियाच्या तळहातावर दुसरं एक लटकन ठेवलं, गरम, बराच वेळ मुठीत धरलेलं. अल्जियाने दुसरा हात छातीवर नेला आणि तोंड उघडलं.

"ते राहू दे," त्राकी म्हणाली. "बस आधी. चहा निवतोय."

अल्जिया बसली. तिथून तिला गल्ली टोकापर्यंत दिसत होती. दोन्ही बाजूंना दारादारांत बायका येऊन उभ्या होत्या, आणि प्रत्येकीची एक मूठ मिटलेली होती.